दिगंबररावांचं वाळवणारं मशीन

सह्याद्रीच्या माथ्यावर एक गाव आहे. पावसाळ्यात तिथे कपडा वाळत नाही. पाऊस थांबला तरी धुकं थांबत नाही. भिंतींना ओल येते, पापडांना ओल येते, काड्यापेटीलाही येते. त्या गावात दिगंबरराव नावाचे एक गृहस्थ राहत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी धरणाचे दरवाजे सांभाळले आणि एकदाही दरवाजा अडकू दिला नाही. माणूस सरळ होता, कष्टाळू होता, घरच्यांवर जीव टाकणारा होता. पण त्यांना एक खोड होती. समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की ते म्हणत, "ठाऊक आहे मला." मग उरलेलं अर्धं समोरच्याच्या तोंडातच राहायचं.

घरात तीन माणसं. दिगंबरराव, त्यांची बायको शालिनीबाई आणि त्यांची थोरली बहीण अक्का. दिगंबरराव तीन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. तेव्हा चौदा वर्षांच्या अक्काने त्यांना कडेवर घेतलं आणि वाढवलं. पुढे तिने लग्न केलं नाही, ती भावाकडेच राहिली. एकोणऐंशीव्या वर्षी ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने अंथरूण धरलं.

तेव्हापासून घरात चादरींचा डोंगर होऊ लागला. दिवसाला तीन चादरी, कधी चार. शिवाय पंचे, गाऊन, उशांचे अभ्रे. शालिनीबाई ते धुवायच्या आणि स्वयंपाकघरात पंख्याखाली बांधलेल्या दोरीवर टाकायच्या. मग एकेक चादर इस्त्रीने वाळवायच्या. त्यांचं सगळं आयुष्य चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्यासारखं झालं होतं.

दिगंबररावांना हे दिसत होतं. एका सकाळी ते काही न बोलता तालुक्याला गेले आणि मशीन ठरवून आले. साधं नव्हे, धुऊन वाळवूनही देणारं. "कपडे टाकायचे, झाकण लावायचं, सुके कपडे काढायचे," ते बायकोला म्हणाले. "उद्यापासून तू चादरीला हातही लावायचा नाहीस." शालिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं त्यांच्याशी कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं.

मशीन बसवायला दुकानातून नौशाद तांबोळी नावाचा कारागीर आला. तिशीतला, शांत, हाताने नीट काम करणारा. नळ जोडला, पाणी सोडून दाखवलं आणि मग समजावू लागला.

"साहेब, एक गोष्ट महत्त्वाची आहे. यात आठ किलो कपडे धुता येतात. पण वाळवताना पाचच किलो..."

"ठाऊक आहे मला."

"म्हणजे धुणं झाल्यावर थोडे कपडे बाहेर काढायचे. नाहीतर आत फिरायला जागा..."

"अरे बाबा, मी धरणं सांभाळली आहेत. बादलीभर पाणी तू मला शिकवणार का?"

नौशादने माहितीपुस्तिका मशीनवर ठेवली आणि तो गेला. दिगंबररावांनी ती पुस्तिका कपाटाच्या वरच्या खणात ठेवली.

पहिल्याच दिवशी त्यांनी घरातलं मिळेल ते आत कोंबलं. चार चादरी, सहा पंचे, त्यांच्या दोन पँटी, शालिनीबाईंच्या साड्या. दार गुडघ्याने दाबून लावलं. सकाळी आठला लावलेलं मशीन दुपारी तीनला एक गाणं वाजवून थांबलं. दार उघडलं तर वाफेचा लोट आला. आत कपड्यांचा एक गोळा होता. चादरीने चादरीला मिठी मारलेली, त्यांच्या पोटात पंचे, पंच्यांच्या पोटात एक पायमोजा. दिगंबररावांनी गोळ्यावर हात ठेवला.

"वाळले!"

शालिनीबाईंनी गोळा सोडवला. वरून गरम होता. आतून पिळला असता तर पाणी निघालं असतं.

"अहो, ओले आहेत."

"गरम आहेत."

"गरम ओले आहेत."

"गरम वस्तू ओली कशी असेल?" दिगंबररावांनी विचारलं. समोर गॅसवर चहा उकळत होता. शालिनीबाईंनी चहाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून त्या घरात रोज तेच सुरू झालं. रोज मशीन ठासून भरलं जाई, रोज सात तास घरघरत राही आणि रोज गरम ओला गोळा बाहेर येई. दिगंबरराव रोज म्हणत, "वाळले." शालिनीबाई सांगून थकल्या. अहो, दोन वेळा लावा. अहो, निम्मे काढा. अहो, तो मशीनच्या जाळीत अडकलेला कापसाचा पुंजका तरी काढा. प्रत्येक 'अहो'ला एकच उत्तर यायचं. एकदा दिगंबरराव बँकेत गेले आणि बाकावरून उठले, तेव्हा बाकावर त्यांच्या पँटीचा ओला ठसा उमटलेला होता. शिपायाने फडक्याने बाक पुसला. दिगंबरराव म्हणाले, "तुमचं छप्पर गळतंय, मॅनेजरना सांगा."

मग एक दिवस त्यांनी स्वयंपाकघरातली दोरीच सोडली.

"घरात मशीन असताना दोरी कशाला? पाहुण्यांना काय वाटेल?"

"पाहुणे येतात कुठे? आले तर त्यांना कोरडा पंचा कुठला देऊ?" शालिनीबाई म्हणाल्या. पण दोरी गेली ती गेलीच.

शालिनीबाईंनी भांडण केलं नाही. नवरा दुपारी पडला की त्या अक्काच्या चादरी तेवढ्या इस्त्रीखाली घालून कोरड्या करत. म्हणजे काम कमी झालं नाही, फक्त लपवून करावं लागू लागलं. अक्काची पाठ मात्र कोरडी राहिली. दिगंबरराव संध्याकाळी बहिणीजवळ बसत आणि विचारत, "अक्का, चादर ऊबदार आहे ना?" अक्का म्हणायची, "हो रे, दिगू." आणि ते खूश होऊन उठायचे.

तरीही मनातून त्यांना काहीतरी खटकत होतं. अंगातल्या बनियनला कुबट वास येत होता. आपलं चुकत असेल हे त्यांच्या मनात आलं नाही. मशीनच बिघडलं असणार. त्यांनी नौशादला बोलावलं. त्याने मशीन तपासलं आणि सांगितलं, "साहेब, मशीन चांगलं आहे. कपडे जास्त होतायत." पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी नौशाद बोलत बसला नाही. त्याने धुतलेल्या कपड्यांतले निम्मे बाहेर काढले, उरलेले वाळवायला लावले आणि तीन तास व्हरांड्यात बसून राहिला. मग एकेक कपडा झटकून शालिनीबाईंच्या हातात दिला. खडखडीत कोरडे.

"बघा, वहिनी."

शालिनीबाईंनी पंचा गालाला लावला. "अगदी उन्हात वाळवल्यासारखा आहे हो," त्या म्हणाल्या.

झालं. आपल्याच घरात, आपल्याच बायकोसमोर, आपल्याला खोटं पाडलं असं दिगंबररावांना वाटलं. त्यांनी त्याच दिवशी दुकानाच्या शेठना पत्र लिहिलं. 'आपला कारागीर अडाणी आहे. दोष झाकण्यासाठी ग्राहकाला दोष देतो. अशा माणसाला लोकांच्या घरी पाठवू नये.' अक्षर सुरेख होतं. सही लांबलचक होती. शेठनी पत्र वाचलं आणि नौशादला घरोघरी जाण्याच्या कामावरून काढून गोदामात खोकी उचलायला लावलं.

ऑगस्टमध्ये शालिनीबाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीला जावं लागलं. एका महिन्यासाठी. निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या.

"अहो, एवढं एकच ऐका. अक्कांच्या चादरी दोन-दोनच टाका. काढल्यावर गार होऊ द्या आणि मग हात लावून बघा. गरम असताना कळत नाही. त्यांची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी..."

"ठाऊक आहे मला. तुझी गाडी चुकेल."

शालिनीबाईंनी पिशवी उचलली. रिक्षात बसेपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या.

दिगंबररावांनी बहिणीची सेवा मनापासून केली, हे खरं आहे. तिला भरवलं, औषधं वेळेवर दिली, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तिला पुसून घ्यायला आणि कूस बदलून द्यायला ग्रामीण रुग्णालयातली भोये सिस्टर रोज सकाळी यायची. चादरी मात्र दिगंबरराव स्वतः बदलत. मशीनमधून काढलेली गरम चादर ते तशीच उचलून आणत, अक्काखाली पसरत आणि विचारत, "ऊबदार आहे ना?"

"हो रे, दिगू."

पहिले काही दिवस चादर ओली असली की ती अक्कामुळेच झाली असेल असं समजून सिस्टर कपाटातली कोरडी काढून घालायची. मग कपाटातल्या कोरड्या चादरी संपल्या. नेमकी तेव्हाच पोलिओ डोसच्या मोहिमेसाठी सिस्टरला चार दिवस वाड्या-वस्त्यांवर जावं लागलं. त्या चार दिवसांत अक्का भावाला पाठ पुसू देईना. "तू पुरुषमाणूस," ती म्हणायची, "चेहरा पूस, हात पूस, बास." दिगंबररावांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी सिस्टर आली. तिने अक्काला कुशीवर केलं आणि गाऊन वर घेतला. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. भोवती लाल. मधे ओलं.

"साहेब, इकडे या."

दिगंबरराव आले. पाहिलं.

"हे कशाने झालं?"

सिस्टरने अक्काखालच्या चादरीला हात लावला, मग गादीला. "चादर ओली आहे. गादीसुद्धा ओली झाली आहे. चार दिवस ही बाई ओल्यात झोपलीय."

"शक्य नाही. मी स्वतः मशीनमधून काढली. गरम होती. वाळलेली होती."

सिस्टर रागावली होती, पण तिने आवाज चढवला नाही. मध्यरात्री लावलेलं मशीन आताच थांबलं होतं, त्यातल्या गोळ्यातून तिने एक चादर ओढून काढली. बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर ती पसरली.

"सदरा काढा आणि यावर झोपा, साहेब. मी अक्कांची जखम धुऊन होईपर्यंत उठायचं नाही."

दिगंबरराव झोपले. पहिल्यांदा चादर छान ऊबदार लागली. त्यांना वाटलं, बघा, मी म्हणत होतो. पाच मिनिटं गेली. ऊब ओसरली. दहा मिनिटांनी पाठीला गारठा लागला. मग चादर पाठीला चिकटली. ते कूस बदलणार होते, तेवढ्यात त्यांच्या मनात आलं की अक्काला कूस बदलता येत नाही. ते हलले नाहीत. पाऊण तासाने सिस्टर बाहेर आली, तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि डोळे मिटलेले होते.

"उठा आता," सिस्टर म्हणाली.

"थोडं थांबतो," ते म्हणाले.

उठल्यावर त्यांनी सदरा घातला आणि अक्काजवळ जाऊन बसले. सिस्टरने गादी बदलली होती, रुग्णालयातून आणलेली कोरडी चादर घातली होती. अक्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती.

"अक्का, तू मला सांगितलं का नाहीस? मी रोज विचारत होतो."

अक्का भिंतीकडे बघतच म्हणाली, "तू विचारायचास, 'ऊबदार आहे ना?' त्या 'ना'पुढे मी 'नाही' कुठे ठेवू, दिगू?"

दिगंबररावांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"लहानपणापासून तू असाच. चित्र काढायचास आणि विचारायचास, 'छान आहे ना?' मी म्हणायची, छान आहे. तेव्हा त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. चूक माझीही आहे. मीच ती सवय लावली."

"तुझी नाही," दिगंबरराव म्हणाले. "बायकोने सांगितलं. त्या पोराने दोनदा सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही असं म्हणायला मला जागाच नाही."

त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातली माहितीपुस्तिका काढली. चष्मा लावला. सगळं चौथ्या पानावर होतं, जाड अक्षरांत. धुण्यासाठी आठ किलो. वाळवण्यासाठी पाच. मोठ्या चादरी थोड्याच टाका. जाळी रोज साफ करा. कपडे लगेच काढून झटका. अडीच महिने हे पान त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतं.

त्या दिवसापासून ते दोनच चादरी टाकू लागले. काढल्या की झटकत, खुर्चीवर पसरत, गार होऊ देत आणि मग चारी कोपऱ्यांना हात लावत. एखादा कोपरा दमट लागला तर चादर परत मशीनमध्ये. दिवसातून तीन वेळा मशीन लावावं लागे. पूर्ण दिवस त्यातच जाई. आपल्या बायकोने इतके दिवस कसे काढले असतील, हे त्यांना चौथ्याच दिवशी कळलं. त्यांनी सांगलीला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून शालिनीबाई एकदम उसळल्या, "मी निघताना काय सांगितलं होतं?"

"दोन-दोनच टाका म्हणाली होतीस. गार झाल्यावर हात लावा म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही."

शालिनीबाईंकडे पुढची चार वाक्यं तयार होती. ती त्यांना बोलता आली नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "अक्का कशा आहेत?"

जखम भरायला दीड महिना लागला. तोवर शालिनीबाई परत आल्या होत्या. एका सोमवारी सिस्टर म्हणाली, "आता नवी कातडी धरलीय." दिगंबररावांनी लगेच चपला घातल्या आणि तालुक्याची एसटी पकडली.

दुकानात गर्दी होती. एक तरुण जोडपं तसलंच मशीन बघत उभं होतं. दिगंबरराव थेट शेठच्या टेबलापाशी गेले.

"शेठ, माझं तक्रारीचं पत्र बाहेर काढा."

शेठ घाबरले. त्यांना वाटलं, साहेब आता आणखी वर तक्रार नेणार. "साहेब, त्या माणसाला मी गोदामात टाकलंय. परत तुमच्या घरी तो दिसणार नाही."

"पत्र काढा."

शेठनी फाइलमधून पत्र काढलं. दिगंबररावांनी मोठ्याने सांगितलं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "यात लिहिलेलं सगळं खोटं आहे. मशीन चांगलं होतं. कारागीर बरोबर होता. चूक माझी होती आणि त्या चुकीमुळे माझ्या बहिणीच्या पाठीला जखम झाली."

शेठ घाईघाईने उठले. "अहो साहेब, झालं गेलं. मी हे पत्र फाडून टाकतो."

"फाडू नका. फाडलं तर मी काय लिहिलं होतं तेही जाईल आणि त्याला का शिक्षा झाली तेही कोणाला कळणार नाही. पेन द्या."

त्यांनी पत्राच्या खाली लिहिलं: 'वरील तक्रार मी घमेंडीने केली. श्री. नौशाद तांबोळी यांनी मला दोन वेळा योग्य माहिती दिली होती. मी ती ऐकून घेतली नाही आणि त्यामुळे माझ्या बहिणीच्या पाठीला जखम झाली. त्यांचं काम त्यांना परत द्यावं.' या वेळी सही छोटी होती.

शेठनी नौशादला बोलावलं. तो अंगावरची धूळ झटकत आला. दिगंबररावांना पाहून त्याने ओठ घट्ट मिटले. त्याने पत्र वाचलं, वरचं आणि खालचं, दोन्ही.

"साहेब, दोन महिने मी खोकी उचलली," तो म्हणाला. "घरी बायकोला काय सांगायचं कळत नव्हतं. ती विचारायची, तुम्ही काय चूक केली? मी काय सांगणार?"

"तुमची काही चूक नव्हती, एवढं सांगा," दिगंबरराव म्हणाले. "आणि त्यांचा विश्वास बसला नाही तर मला बोलवा. मी घरी येऊन सांगेन."

आजवर ते त्याला 'अरे' म्हणत आले होते. नौशादच्या ते लक्षात आलं. तो हसला नाही, पण त्याने पत्र नीट घडी करून शेठच्या हातात दिलं आणि विचारलं, "तुमच्या ताईंची पाठ कशी आहे?"

"भरत आली आहे."

तेवढ्यात त्या तरुण जोडप्याने हाक मारली. त्यांना मशीनची माहिती हवी होती. शेठनी नौशादकडे पाहून मान हलवली. नौशाद हात पुसून मशीनपाशी गेला आणि समजावू लागला. आठ किलो, पाच किलो, जाळी, नळ, पाणी. दिगंबररावांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि जोडप्याच्या शेजारी बसून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. मग त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात किंचित वर केला.

"अक्काची एक लोकरीची शाल आहे. ती यात धुतली तर चालेल का?"

"धुवा, पण गार पाण्यात, आणि वाळवू नका. आटते," नौशाद म्हणाला. मग तो ती शाल कशी पिळायची, कशी सपाट पसरायची आणि सावलीत किती वेळ ठेवायची, हे सांगत बसला. उत्तर लांबत गेलं. गावची एसटी निघून गेली. दिगंबरराव स्टुलावरून उठले नाहीत.

तात्पर्य: जो समजून घेण्यासाठी न विचारता फक्त होकार मिळवण्यासाठी विचारतो, त्याला खरं कधीच कळत नाही, आणि त्याच्या चुकीची झळ आधी त्यांनाच लागते, ज्यांचं त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम असतं.